घरपट्टीची मुदत आणि कुणब्याचा हंगाम

महाड व पोलादपूर तालुक्यांतील आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस आज घरपट्टीविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत. महाड शहरास नगरपालिका व पोलादपूर गांवास नगरपंचायत आहे. तेथील कायदा निराळा. आम्ही खेड्यांविषयींच लिहितों.

ग्रामपंचायतीचें वर्ष १ एप्रिलास लागतें. त्या वर्षाची पट्टी सप्टेंबरअखेर भरली तर शेंकडा ५ सूट, आणि ३१ मार्च उलटला कीं शेंकडा ५ दंड. कागदावर नियम सर्वांस सारखा! पण भात कापणीस येतें केव्हां? दसरा-दिवाळीस. सूट संपते त्या दिवशीं कुणब्याचें पीक शेतांत उभें असतें. बीं, खत व लावणीची मजुरी यांत गांठ सुटलेली असते. पावसांत सुतार-गवंड्याचेंही काम बंद. मग सूट कोणाच्या पदरांत पडते? महिन्याचा पगार घेणाऱ्याच्या! ही मुदत ठरवितांना शेताच्या बांधावर कोणी येऊन गेलें होतें काय?

मुदत बदलणें पंचायतीच्या हातीं नाहीं, सरकारच्या हातीं आहे. पण बिल वेळेवर देणें तिच्या हातीं खास आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणें आधीं बिल, मग मागणीचा लेख, आणि त्यानंतर जप्ती. वर्षभर गप्प बसून शिमग्याच्या तोंडावर दारांत उभें राहणें ही वसुली नव्हे, छळ आहे. वाडींतील कित्येक घरांस कुलूप असतें, धनी मुंबईस. तो गौरीगणपतीस येतोच, व गणपति सप्टेंबर संपण्यापूर्वींच येतात. त्या दिवसांत देवळांत टेबल मांडून बसावें. पट्टी जमेल व सूटही मिळेल.

पैसे दिले कीं नमुना १० ची पावती घेतल्यावांचून उठूं नये. २०२१ च्या जुलैंत ज्यांचीं घरें पडलीं त्यांनीं नमुना ८ वर तें घर अजून उभें तर नाहीं ना, हें पाहावें.

आणखी एक. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत जो पंच स्वतःची पट्टी भरीत नाहीं तो पंच राहण्यास अपात्र ठरतो. तेव्हां थकबाकीची यादी वाचावयाची तर पंचांपासून वाचावी.

नुसत्या ठरावानें काय होतें हें महाडकरांस ठाऊक आहे. चवदार तळें खुलें करण्याचा ठराव नगरपालिकेनें १९२४ सालीं केला. पाण्यास हात लागावयास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस बायाबापड्यांसह हजर राहा, सुटीची मुदत सुगीनंतर न्यावी असा ठराव लिहवून घ्या, आणि तो जिल्हा परिषदेस गेल्याची पोंच मागा.