हळदीचा कागद
जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. त्याच मोसंबीतून घरात विज्ञानही शिकता येतं. हळद पाण्यात कालवा, कोऱ्या कागदावर फासा, वाळू द्या. साबणाचं ओलं बोट टेकवलं की पिवळा कागद लाल होतो. वर मोसंबीचा रस पिळा, पुन्हा पिवळा! आम्ल-आम्लारीची भाषा शाळेत येईलच, तिची घाई नको. फरशी, बनियन, आजीच्या लुगड्याचा काठ रंगला तर रंगू द्या. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, तोही प्रयोगच. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून असंच विज्ञान मुलांच्या हाती दिलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महागडा संच राहू द्या, आधी पोरांना विचारा: खायच्या सोड्यानं, राखेनं, ताकानं कागदाचं काय होईल?