सहा कोटी दिवसांची उधारी

रविवारी पुन्हा तेच झाले. वाचन होते मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले, निर्दय चाकराच्या दाखल्याचे. उपदेशकांनी १०,००० तालान्तांचे ‘फार मोठे कर्ज’ केले, १०० दिनारांचे ‘किरकोळ देणे’ केले आणि उरलेला वेळ क्षमेवर बोलले. विनोदाचे दात काढून दाखला आमच्या हाती दिला.

दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. असे ६,००० दिनार म्हणजे एक तालान्त. म्हणजे चाकराचे राजाला असलेले देणे झाले ६ कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला ३०० दिवस राबले तरी फिटायला २ लाख वर्षे. जोसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो की गालील आणि पेरिया मिळून तिथल्या शासकाला, हेरोद अंतिपाला, वर्षाला २०० तालान्त येत. म्हणजे या एकट्या पठ्ठ्याने अख्ख्या मुलखाचा ५० वर्षांचा महसूल उडवला! कशावर, ते येशू सांगत नाही. आणि पाया पडून चाकर म्हणतो काय, तर जरा दम धरा, सगळे फेडतो. इथे गालीलच्या कोळ्यांत नि मजुरांत खसखस पिकली नसेल, हे मला कुणी सांगू नये.

राजा सगळे माफ करतो. बाहेर पडताच याला सोबतीचा चाकर भेटतो, १०० दिनारांचा देणेकरी. हा त्याची नरडी आवळतो. तोही तेच म्हणतो, दम धरा, फेडतो. फरक इतकाच की त्याने खरेच फेडले असते. सहा लाख पट मोठे कर्ज माफ आणि छोट्यापायी तुरुंग! भावाला सात वेळा क्षमा करू का, असे शिष्य पेत्राने दाखल्याच्या आधी विचारले होते. बिचारा मोजत बसला होता, म्हणून येशूने मोजणीचीच अशी थट्टा केली. आकडे गाळले की पेत्राची फजिती जाते आणि हसता हसता पकडले जाण्याची आपली वेळही टळते. (बड्यांना सवलत, शंभराच्या देणेकऱ्याच्या दारात वसुलीवाला, हे वाचून आपल्या बँका आठवल्या तर दोष मत्तयाचा नाही. बँकांवर मी पुन्हा घसरलो, हे मान्य.)

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, या येशूच्या वचनावरच्या माझ्या लेखाला आलेल्या पत्रांनाही इथेच उत्तर देतो. जेरुसलेमात ‘सुईचे नेढे’ नावाचा बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई, हे अजून सांगितले जाते. येशूच्या काळात तसा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. असता, तर शिष्य थक्क कशाला झाले असते? श्रीमंत वर्गणीदारांना आत घेण्यासाठी कुणीतरी नंतर भिंतीला भोक पाडले, असे माझे मत.

येशूचा विनोद मला एकट्यालाच दिसतो असे नाही. एल्टन ट्रूब्लड या अमेरिकन क्वेकर विचारवंताने १९६४ साली येशूच्या विनोदावर पुस्तक लिहिले. निमित्त झाला त्याचा लहानगा मुलगा, कुसळ-मुसळाचा उतारा ऐकून खदखदून हसलेला.

तेव्हा उपदेशकांना एवढीच विनंती, की पुढच्या खेपेस आकडे मोठ्याने सांगा. गुणाकार जमत नसेल तर पुढच्या बाकावरच्या एखाद्या पोराला विचारा.