सोसणं वेगळं, न कळणं वेगळं



गेल्या वर्षी महावीर जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या सासूबाई चारठाण्याच्या रस्त्यावरून अनवाणी चालल्या. चैत्राचं ऊन, डांबर तापलेलं. आम्ही सगळ्या टाचा उचलत सावली शोधत होतो आणि त्या शांतपणे पालखीमागे चालत होत्या. "काय बाई सहनशक्ती!" असं चारचौघी म्हणाल्या. मीही म्हणाले. संध्याकाळी घरातल्या फरशीवर ओले डाग दिसले. त्यांच्या तळपायांना फोड येऊन फुटले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

१५ वर्षांची शुगर. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. "कळतंय का आजी?" बहुतेक ठिकाणी "नाही." मला रडूच आलं. कारण वर्षभर त्या सांगत होत्या, तळवे जळतात, रात्री मुंग्या येतात. आणि मी काशाच्या वाटीनं तूप चोळून देत होते.

तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, "आई गं" नंतर निघतं. हात ओढायचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतूनच सुटतो, मेंदूला बातमी जराशी उशिरा पोचते. पण हे कधी? खालून निरोप निघाला तर. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब, जवळजवळ मीटरभर. वाढलेल्या साखरेनं आधी तेच खराब होतात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो.

पाठशाळेत आपण घोकलंय, पृथ्वी-पाणी-अग्नी-वायू-वनस्पती या एकेंद्रिय जीवांनाही स्पर्शन इंद्रिय असतंच. इतकं मूळचं इंद्रिय! आणि आपण चष्म्याचा नंबर तपासतो, पायाचा स्पर्श कधीच नाही.

यंदा मी त्यांना मिरवणुकीत कापडी बूट घातले. "नियम मोडलास," असं एका मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं. मला ते पटलेलं नाही. २२ परीषहांत उष्ण परीषह आहे, मुनीमहाराज तो समताभावानं सहन करतात. पण चटका कळला तर तो सोसला म्हणायचं ना? ज्या पायाला काही कळतच नाही, त्याचं कसलं तप? अशी जखम चिघळली तर बोट, कधी पाऊलसुद्धा कापावं लागतं. चामडं नको, हे मान्य. कापड-रबर घालावं आणि मंदिराच्या दारात काढावं. आतल्या तापलेल्या दगडावर चालायला नको म्हणून दर्शन सकाळीच उरकावं.

आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेली एक गोष्टही सांगते. नसांना ब-१२ जीवनसत्त्व लागतं. भाजी-डाळीत ते नसतं, आपल्याला मिळतं ते मुख्यतः दूध-दह्यातून. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ते आणखी घटू शकतं. दूध-दह्याचा त्याग केलेल्या बायकांनी तर रक्त तपासून घ्यावंच.

आता रोज दिवेलागणीला मी त्यांचे तळवे बघते. सुनेनं पाय धरायचे म्हणून सुरुवातीला त्या संकोचून पाय मागे घ्यायच्या. परवा बेचक्यात बाभळीचा काटा सापडला, चांगला रुतलेला. दाखवला तर म्हणाल्या, "अगं, हा कधी गेला?"