आमोण्याची पाच प्रश्नचिन्हं

गेल्या अंकानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एकावरच या वेळी सगळं लिहितोय. मूळच्या आमोण्याच्या एका कुटुंबातल्या कॉलेजकुमाराने घरच्या विंडोज संगणकासाठी छोटा प्रोग्राम लिहिलाय. त्यात नातेवाइकांची नावं, गाव, जन्मसाल आणि आजी फोनवर सांगते त्या जुन्या आठवणी भरायच्या. टाइप करताना सगळं नीट दिसतं. सेव्ह करून पुन्हा उघडलं, की 'आमोणे'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं! कुठला फॉण्ट टाकू, असं त्याने विचारलंय.

फॉण्टने हे दुरुस्त होणार नाही. आधी नवीन माहिती भरणं थांबव, आणि आजीने सांगितलेलं कुठे कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये असेल तर ते जपून ठेव.

पडद्यावर मराठी बिघडलेलं दिसतं ते साधारण तीन तऱ्हांनी. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर काळजी नको. माहिती शाबूत आहे, फक्त त्या फॉण्टमध्ये देवनागरी नाही. 'मंगल' किंवा 'निर्मला यूआय' निवडा, काम झालं. दुसरी तऱ्हा म्हणजे इंग्रजी 'ए'वर तिरकी रेघ, शेजारी चार टोकांचं गोल चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. तो रेघवाला 'ए' पोर्तुगीजमध्ये खरोखरच वापरतात, त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या आजोबांना हा जुन्या राजवटीतला कागद वाटेल! प्रत्यक्षात ते आपलंच मराठी असतं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो. हे बाइट पश्चिम युरोपच्या जुन्या तक्त्याने वाचले, की ही चित्रलिपी उमटते. मूळ फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की सगळं परत येतं. मात्र पडद्यावरची ती चित्रलिपी कॉपी करून दुसरीकडे चिकटवू नका. जोडाक्षरातला पाय मोडायच्या चिन्हाचा शेवटचा बाइट असा आहे, की त्या जुन्या तक्त्यात त्याला अक्षरच दिलेलं नाही. काही प्रोग्राम तो गाळून टाकतात आणि मग जोडाक्षरं कायमची तुटतात.

तिसरी तऱ्हा प्रश्नचिन्हांची, आणि ती सगळ्यांत वाईट. इथे कुणीतरी मराठी अक्षर अशा तक्त्यात बसवायला गेलं, जिथे त्याला जागाच नव्हती. जागा नाही म्हणून त्याने '?' लिहिलं. डेटाबेसमध्ये आता खरोखर प्रश्नचिन्हच आहे. मागे काही लपलेलं नाही, त्यामुळे कुठलंही कन्व्हर्टर ते परत आणू शकत नाही.

मग पाचच का? 'आमोणे' हा शब्द आपण तीन अक्षरांत म्हणतो: आ, मो, णे. युनिकोडच्या हिशेबी ती पाच चिन्हं आहेत, कारण 'मो'मधली ओकाराची मात्रा आणि 'णे'मधली एकाराची मात्रा वेगळी मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये बाइट मोजले तर पंधरा. म्हणजे पाच प्रश्नचिन्हं आली याचा अर्थ शब्द युनिकोड म्हणून नीट पोचला होता आणि तिथून पुढच्या पायरीवर चिन्हागणिक एकेक बळी गेला. पंधरा आली असती तर संशय बाइट वाचणाऱ्या भागावर घेतला असता. तीन, पाच आणि पंधरा हे आकडे लक्षात ठेवा. 'गावाचं नाव वीस' अशी मर्यादा तुम्ही घालता, तेव्हा ती वीस चिन्हं की वीस बाइट, हे तपासून बघा. बाइट असतील तर सात चिन्हांचं नावही अर्धवट कापलं जाईल.

आपल्या मित्राने डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर घेतलाय, तेव्हा दोन जागा बघायच्या. रकान्याचा प्रकार 'व्हारचार' असेल तर तो 'एनव्हारचार' करायचा. तेवढ्याने भागत नाही. क्वेरीत मजकूर सरळ अवतरणचिन्हांत लिहिला आणि त्याच्याआधी 'एन' हे अक्षर विसरलं, तर रकाना बरोबर असूनही मजकूर वाटेतच प्रश्नचिन्हं होतो. त्यापेक्षा क्वेरीला मजकूर जोडायची सवयच सोडा आणि पॅरामीटर वापरा. त्याने भाषेचाही प्रश्न सुटतो आणि नावात एखादं अवतरणचिन्ह आलं तर क्वेरी मोडण्याचाही. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी मात्र डेटाबेसवर राग काढू नये. ते मजकूर युनिकोडमध्येच ठेवतं, बिघाड बहुधा त्याच्या आधीच झालेला असतो.

यादी एक्सेलमध्ये उघडण्यासाठी सीएसव्ही काढणाऱ्यांची तक्रार दुसऱ्या तऱ्हेतली. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची तीन बाइटांची खूण नसेल, तर एक्सेल तिला जुन्याच तक्त्याने वाचतं. पायथॉनमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, खूण आपोआप पडते. मॅकवर चाललेला प्रोग्राम गोव्यातल्या चुलतभावाच्या विंडोजवर का अडतो, याचंही उत्तर बऱ्याचदा हेच. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर प्रत्येक यंत्र आपापलं गृहीत धरतं.

घरातल्या जुन्या फायलींचं प्रकरण निराळं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज २००० पासून. त्याआधीच्या कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉण्टांत फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. तिथे त्या त्या फॉण्टचं कन्व्हर्टरच लागतं, आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं.

आता शोधण्याबद्दल थोडं. 'कऱ्हाड' दोन रीतींनी टाइप होतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडायचं चिन्ह आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी हा फरक जात नाही, बदल स्वतः लिहावा लागतो. आणि 'आमोणे' शोधलं तर 'आमोण्यात' सापडणार नाही, ते मराठी व्याकरणाचं देणं! त्यासाठी 'आमोण' एवढंच शोधा.

प्रोग्राम दुरुस्त केल्यावर लगेच आजीची माहिती भरू नका. आधी 'आमोणे, डिचोली, कऱ्हाड, ॲना' एवढी ओळ भरा, सेव्ह करा, प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. ओळ दिसते का, तेवढंच न बघता भरलेला आणि परत आलेला मजकूर कोडमध्ये ताडून पाहा. तीच ओळ सीएसव्हीतून बाहेर काढून परत आत घ्या. हे सगळं जुळलं, की मग आजीला फोन लावा.