नळाला तोटी आहे, पाणी कुठे आहे?

"ताई, वायफाय तं लागलं हाय, मंग नेट काहून नाही चालून राह्यलं?"

डिसेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा होता. आमच्या बचत गटातली एक जण संध्याकाळी रडवेली होऊन दारात उभी. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, ती वाढून ३१ डिसेंबर झाली होती. महिन्याचे पंधराशे रुपये म्हणजे तिच्या घरचा किराणा. सेंटरवरच्या रांगेपायी दोन दिवसांची मजुरी बुडाली होती. फोनमधला डाटा संपलेला, म्हणून शेजारणीचं वायफाय मागून घेतलं, तर तिथेही 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. नवरा म्हणाला, "तुले काय समजते त्यातलं? ठेव तो फोन."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! मीही काही शहाणी नव्हते. परवापरवापर्यंत नेट बंद पडलं की मुलाच्या सुटीची वाट बघत बसायची.

माझं माहेर अकोल्याचं. तिथे नळाची तोटी सोडली म्हणून पाणी येतंच असं नाही. महानच्या धरणातलं पाणी ज्या दिवशी आपल्या भागात सुटेल, त्या दिवशीच ते येणार. वायफायचं अगदी तसंच आहे. फोनवर पंख्यासारखी खूण दिसली म्हणजे फोन घरातल्या राऊटरला जोडला गेला, एवढाच तिचा अर्थ. राऊटरच्या पुढे नेट आलंय की नाही, हा निराळा प्रश्न.

म्हणून पहिलं काम म्हणजे घरातला दुसरा फोन त्याच वायफायवर लावून बघणं. तोही चालत नसेल, तर दोष आपल्या फोनचा नाही. राऊटरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं पुन्हा सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. तरीही त्यावर लाल दिवा असेल, तर बहुतेक वेळा बाहेरची वायर तुटलेली असते किंवा रिचार्ज संपलेला असतो. मग कंपनीला कळवा. नंबर मात्र बिलावरचाच घ्या, गुगलवर शोधून नको. तिथे भामट्यांनीही आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. 'हे ॲप घ्या, मी तुमचा फोन इथूनच दुरुस्त करतो' असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

माझा फोन त्याच वायफायवर छान चालत होता. म्हणजे दोष तिच्या फोनमध्ये. बघते तर काय, फोनवर तारीख जानेवारी २०२७ ची! तिच्या आठ वर्षांच्या पोट्ट्यानं गेम लवकर सुरू व्हावा म्हणून तारीख पुढे ढकलली होती. प्रत्येक वेबसाईटजवळ मुदतीचं एक प्रमाणपत्र असतं आणि फोन ते आपल्या तारखेशी ताडून बघतो. फोनचं कॅलेंडरच चुकलं, तर त्याला सगळी प्रमाणपत्रं मुदत संपलेली वाटतात आणि तो साईट उघडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' केली, नेट सुरू झालं. रात्री जागून आम्ही दोघींनी तिचं काम पूर्ण केलं.

तारीख बरोबर असूनही नेट चालत नसेल, तर वायफायच्या नावावर जाऊन 'फर्गेट' करा आणि पासवर्ड पुन्हा टाका. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. शेवटचा उपाय म्हणजे नेटवर्क सेटिंग रिसेट. त्यानं जतन केलेले वायफायचे पासवर्ड जातात, फोटो जात नाहीत. पण 'फॅक्टरी रिसेट' म्हणजे सगळंच पुसलं जाणं. कोणी कितीही आग्रह केला तरी त्याला एवढ्यासाठी हात लावू देऊ नका. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला मात्र आधी त्याचं पान उघडून मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकावा लागतो, त्याशिवाय नेट सुरू होत नाही. अशा ठिकाणी बँकेचे व्यवहार टाळलेलेच बरे.

सगळे दोष आपण दुरुस्त करू शकत नाही, हेही खरं. आपल्याच जिल्ह्यातलं मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं आणि २०१९ च्या लोकसभा प्रचारात तिथल्या सोयींवरूनच भर सभेत वाद झाला. फलक लागणं वेगळं, घरापर्यंत नेट पोचणं वेगळं. योजना मोबाईलवर आणायच्या, तर नेट आणि मदतीला माणूस गावागावात हवा, हे मागणं आपला हक्क आहे.

पण जे आपल्या हातात आहे, ते तरी शिकून घेऊ या. कुकरची शिट्टी बिघडली तर आपण कोणाची वाट बघतो का? मग याचंच भय कशाला? आमच्या गटात आता हिशेब झाला की पंधरा मिनिटं मोबाईलची. परवा एकीचं नेट अडलं, तर तीच बाई पुढे सरकून म्हणाली, "थांब वं, पयले तारीख पाय!"