मत समान, वर्गणी असमान

सर्वांत मोठी वर्गणी भरणाऱ्यालाही एकच मत आणि नाममात्र वर्गणी भरणाऱ्यालाही एकच मत, अशा संस्थेचा कारभार कसा चालतो? एखाद्या न्यासाच्या किंवा व्यापारी मंडळाच्या वार्षिक सभेला नियमाने बसणाऱ्या गृहस्थांना हा प्रश्न अपरिचित नाही. मोठ्या देणगीदाराच्या मनाविरुद्ध ठराव संमत झाला तर पुढच्या वर्षी पेटी कोण भरणार, ही कुजबुज अशा सभांतून होतच असते. शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती यांसाठी स्थापन झालेल्या युनेस्को या जागतिक संस्थेच्या सर्वसाधारण परिषदेत ही कुजबुज एकदा प्रत्यक्षात उतरली. ती हकीकत समजण्यासाठी प्रथम या परिषदेची घडण पाहणे आवश्यक आहे.

युनेस्कोची घटना १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडन येथे स्वीकारली गेली आणि वीस राष्ट्रांनी तिला मान्यता दिल्यावर ४ नोव्हेंबर १९४६ पासून ती अमलात आली. घटनेने कारभाराचे तीन भाग पाडले आहेत. सर्वसाधारण परिषद धोरण आणि अंदाजपत्रक ठरवते. अठ्ठावन्न सदस्यांचे कार्यकारी मंडळ दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात देखरेख ठेवते. आणि महासंचालकांच्या हाताखालील सचिवालय रोजचे काम पाहते. आपल्याकडील संस्थांच्या भाषेत सांगायचे तर सर्वसाधारण सभा, कार्यकारिणी आणि कार्यालय.

पहिले अधिवेशन १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिस येथे भरले. १९५२ पर्यंत परिषद दरवर्षी भरे. त्यानंतर ती दर दोन वर्षांनी भरू लागली. त्या १९५२ च्या अधिवेशनाचे अध्यक्ष डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, नववे अधिवेशन नवी दिल्लीतच भरले आणि अध्यक्षस्थान मौलाना अबुल कलाम आझाद यांना मिळाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला दहा वर्षांच्या आत मिळालेला हा मान आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आणखी एक गोष्ट अशीच दुर्लक्षित राहिली आहे. परिषदेच्या अधिकृत भाषांच्या यादीत हिंदीचाही समावेश आहे. मात्र रोजच्या कामकाजाच्या सहा भाषांत तिला स्थान नाही.

प्रत्येक सदस्य राष्ट्र परिषदेला अधिकाधिक पाच प्रतिनिधी पाठवू शकते. अधिवेशनाच्या आरंभी मंत्री आणि शिष्टमंडळांचे प्रमुख ओळीने भाषणे करतात. ती बहुधा आपल्या घरच्या श्रोत्यांसाठी असतात; वृत्तपत्रांत छापून येतात आणि विसरली जातात. खरे काम विषयवार आयोगांच्या खोल्यांत चालते. शिक्षण, विज्ञान, संस्कृती, प्रशासन व वित्त अशा आयोगांपुढे ठरावांचे मसुदे येतात, शब्दाशब्दावर काथ्याकूट होतो आणि सहमती झाल्यावर अहवाल पूर्ण सभेपुढे जातो. बहुतेक ठराव तेथे मतदानाशिवायच संमत होतात. चोरून नेलेल्या मूर्ती व कलावस्तूंच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा घालणारा १९७० चा करार आणि जागतिक वारसास्थळांविषयीचा १९७२ चा करार हे दोन्ही याच परिषदेने स्वीकारले. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांना लाभलेले जागतिक वारशाचे स्थान या दुसऱ्या कराराचेच फळ आहे.

मतदानाची वेळ येते तेव्हा मात्र नियम काटेकोर असतो. एक राष्ट्र, एक मत. जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालू या बेटराष्ट्राचे मत आणि भारताचे मत यांत तसूभरही अंतर नाही. सामान्य ठरावाला साधे बहुमत पुरते. घटनादुरुस्ती, आंतरराष्ट्रीय करार किंवा संयुक्त राष्ट्रांत नसलेल्या देशाला प्रवेश, अशा विषयांना दोन-तृतीयांश बहुमत लागते. बहुमत मोजताना केवळ उपस्थित राहून बाजूने किंवा विरुद्ध मत देणाऱ्यांचीच गणना होते. तटस्थ राहणारा सभागृहात बसलेला असला तरी हिशेबापुरता तो अनुपस्थितच.

वर्गणीचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दरपत्रकाच्या आधारे, प्रत्येक देशाची आर्थिक ऐपत पाहून तिचा वाटा ठरतो. तळाच्या देशांना एकूण रकमेच्या ०.००१ टक्का इतकेच भरावे लागते. २०११ मध्ये अमेरिकेचा वाटा २२ टक्के होता, म्हणजे वर्षाला सुमारे आठ कोटी डॉलर. मत समान आणि वर्गणी ऐपतीप्रमाणे, ही जोडणी तत्त्वतः निर्दोष आहे. पण तिच्यात एक ताण कायमचा दडलेला आहे आणि तो त्या वर्षी उघड झाला.

पॅलेस्टाइनला सदस्य करून घ्यावे, अशी शिफारस कार्यकारी मंडळाने ऑक्टोबर २०११ च्या आरंभी केली. अमेरिकेची भूमिका सर्वांना ठाऊक होती. पॅलेस्टाइनला पूर्ण सदस्यत्व देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही संस्थेस पैसा देऊ नये, असे १९९० आणि १९९४ चे दोन कायदे त्या देशात होते. त्यामुळे परिणाम काय होईल, याविषयी सभागृहात कोणीही अंधारात नव्हते. ३१ ऑक्टोबर रोजी मतदान झाले. बाजूने १०७, विरुद्ध १४, तटस्थ ५२. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि फ्रान्स बाजूने होते. अमेरिका, जर्मनी, कॅनडा विरुद्ध. ब्रिटन, जपान, इटली तटस्थ.

हे आकडे क्षणभर बाजूला मांडून पाहावेत. बाजूचे आणि विरुद्धचे मिळून १२१. त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे ८१. ठराव सहज संमत झाला. तटस्थांचीही गणना करण्याचा नियम असता तर एकूण १७३ होऊन ११६ मतांची गरज पडली असती आणि १०७ मते अपुरी ठरली असती. दोन्ही पक्षांना न दुखावण्यासाठी जे बावन्न देश गप्प राहिले, त्यांच्या मौनाने प्रत्यक्षात निकालाची वाट मोकळी केली. तटस्थतेला परिणाम नसतो, असे मानणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेने त्याच वर्षीचा, नोव्हेंबरमध्ये द्यायचा सुमारे सहा कोटी डॉलरचा हप्ता तत्काळ रोखला. संस्थेला रिकाम्या जागा न भरता दिवस काढावे लागले. काही देशांनी ऐच्छिक मदत देऊन खड्डा थोडाबहुत भरला. २०१४-१५ साठी परिषदेने कागदावर ६५ कोटी ३० लाख डॉलरचे अंदाजपत्रक मंजूर केले, परंतु खर्चाची योजना ५० कोटी ७० लाखांचीच आखावी लागली. ठराव मात्र मागे घेतला गेला नाही.

यानंतर घटनेतील दुसरा नियम लागू झाला. चालू वर्ष आणि लगतचे मागील वर्ष यांच्या एकत्रित वर्गणीहून अधिक थकबाकी झाली, तर त्या राष्ट्राचा मताधिकार जातो. अडचण आपल्या आवाक्याबाहेरची आहे, असे परिषदेला पटले तर सवलत मिळते. अनेक गरीब देशांनी हप्ते बांधून घेऊन ती मिळवली आहे. अमेरिकेचा मताधिकार नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला. नियम लहानासाठी जो, तोच थोरासाठीही. २०१८ च्या अखेरीस अमेरिका संस्थेतून बाहेरच पडली.

परत येताना तिला याच परिषदेपुढे यावे लागले. थकबाकी सुमारे ६१ कोटी ९० लाख डॉलरपर्यंत पोहोचली होती. ती टप्प्याटप्प्याने फेडण्याची तयारी दाखवून तिने पुनःप्रवेश मागितला. ३० जून २०२३ रोजी विशेष अधिवेशनात १३२ विरुद्ध १० मतांनी तो मान्य झाला. १५ देश तटस्थ राहिले.

येथवरची कथा समान मताच्या विजयाची वाटते, परंतु तिला दुसरी बाजू आहे. नियमित वर्गणीखेरीज युनेस्कोकडे ऐच्छिक निधी येतो आणि अलीकडे त्याचे प्रमाण नियमित वर्गणीहून मोठे झाले आहे. हा पैसा पुष्कळदा विशिष्ट कामासाठी नेमून दिलेला असतो. सर्वसाधारण निधीत टाकलेली रक्कम सभा ठरवील तशी खर्च होते. अमुक दालनासाठी म्हणून दिलेली रक्कम त्या दालनासाठीच वापरावी लागते, हे संस्था चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. परिषदेतील मत तुवालूचे आणि धनिक राष्ट्राचे अजूनही सारखेच आहे. कोणते काम आधी उभे राहील, याचा कल मात्र मतपेटीबाहेर ठरू लागला आहे. २०११ च्या उघड आघातापेक्षा हा हळूहळू होणारा बदल अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्यावर मतदान कधी होतच नाही.

२०२५ चे अधिवेशन उझबेकिस्तानातील समरकंद येथे भरले. पॅरिसबाहेर परिषद भरण्याची ही १९८५ च्या सोफियानंतरची पहिलीच वेळ. कार्यकारी मंडळाने सुचवलेले इजिप्तचे खालेद अल्-अनानी यांची महासंचालकपदी नियुक्ती याच सभेने केली. त्याआधी काही महिने, जुलैमध्ये, अमेरिकेने पुन्हा एकदा बाहेर पडण्याची सूचना दिली होती. घटनेप्रमाणे अशी सूचना पुढील वर्षाच्या ३१ डिसेंबरला अमलात येते, म्हणजे या वेळी ३१ डिसेंबर २०२६ रोजी. तोवरची वर्गणी देय राहते आणि सदस्यत्व संपले तरी त्या दिवसापर्यंतची बाकी खात्यावरून पुसली जात नाही.