रोबक्सचा भाव रुपयात किती?

ईदी हातात पडली की अमरावती-अकोल्याकडच्या पोरांना आता गेममधली नाणी हवी असतात. ‘अब्बू, फक्त आठशे रोबक्स!’ आठशे म्हणजे रुपये किती, हे ना पोरगं सांगते ना आपण विचारतो.

हिशेब करू. रोब्लॉक्सच्या अ‍ॅपवर 800 रोबक्सचा अमेरिकेतला भाव 9.99 डॉलर. डॉलर हिशेबापुरता 90 रुपयांचा धरला तर झाले जवळपास 900 रुपये. आता उलटं बघा. गेम बनवून रोबक्स कमावणाऱ्याला कंपनी सप्टेंबर 2025 पासून एका रोबक्समागे 0.0038 डॉलर देते. म्हणजे 800 चे सुमारे 274 रुपये. तेही किमान 30,000 कमावल्यावरच. घेताना 900, देताना 274! असा सराफ आपल्या बाजारात एक दिवस तरी टिकेल का? आणि विकत घेतलेल्या रोबक्सचे तर पैसे करूनच मिळत नाहीत.

2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. इथे जिंकायचं काही नाही, नुसता खर्च. तेव्हा लगाम घरातच लावावा लागेल. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. पासवर्ड मात्र पोरांपासून जपा. रोबक्ससमोर रुपये लिहायचं काम त्यांच्याच वहीत होऊ द्या.